ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची स्प्रिंग किती आवळावी आणि ते कसे ठरवावे

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच टर्बोच्या पुढच्या नळीत अडकलेली दाबाची हवा सोडून देणारा व्हॉल्व्ह. टर्बोचार्ज्ड गाडीला नंतर बसवल्या जाणाऱ्या अशा बऱ्याच व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवला की आतली स्प्रिंग थोडी अधिक दाबली जाते किंवा थोडी मोकळी होते, आणि याखेरीज तो दुसरे काहीही बदलत नाही. तरीही या स्क्रूविषयी अनेक गैरसमज पसरलेले आहेत. तो आवळला की बूस्ट (टर्बोने इंजिनाकडे ढकललेल्या हवेचा दाब) वाढतो, सैल केला की गाडीला जोर येतो, बूस्ट जास्त असेल तर स्प्रिंगही तितकीच कडक हवी, अशी विधाने वारंवार ऐकू येतात आणि त्यांतले एकही बरोबर नाही. स्प्रिंगचा ताण ज्या मापावर ठरवायचा असतो ते माप म्हणजे इंजिन आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू) असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, तयार होणारा व्हॅक्यूम. हे असे का, हे नीट समजले की स्क्रू किती फिरवायचा याचे उत्तर गाडीच स्वतः देते, आणि अंदाजाने पाना चालवण्याची गरज उरत नाही.

अडचण नेमकी कुठे निर्माण होते

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. एक्झॉस्टच्या गरम वायूंनी टर्बाइनचे चाक फिरते आणि त्याच्यासोबत दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक फिरून बाहेरची हवा ओढते व दाबून इंजिनाकडे पाठवते. भर वेगात हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनाची हवेची वाट उघड-मिट करणाऱ्या चकतीपर्यंत, येते आणि थ्रॉटल उघडा असेल तोवर ती विनाअडथळा इंजिनात शिरते.

गिअर बदलताना किंवा वळणाआधी चालक अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो तेव्हा थ्रॉटलची चकती क्षणात बंद होते. कॉम्प्रेसर मात्र क्षणात थांबत नाही. तो त्याच वेगाने फिरत राहतो आणि आणखी हवा ढकलत राहतो. वाहत्या पाण्याच्या नळाची तोटी एकदम बंद केली की भिंतीतला पाइप जसा धडधडतो, तसाच दाबाचा धक्का इथे कॉम्प्रेसर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीत बसतो. पुढे जायला वाट नसल्यामुळे दाब वाढतो, कॉम्प्रेसरच्या पात्यांवरून हवेचा प्रवाह सुटतो आणि दाबलेली हवा उलटी मागे फिरते. ती मागे गेली की दाब उतरतो, कॉम्प्रेसर पुन्हा हवा पकडतो, दाब पुन्हा चढतो आणि हवा पुन्हा उलटते. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडत असल्यामुळे एअर फिल्टरच्या बाजूने फडफडल्यासारखा आवाज येतो. यालाच कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात.

सर्जचा त्रास दुहेरी आहे. पहिला म्हणजे कॉम्प्रेसरच्या चाकाला प्रत्येक उलट झटक्यात वेग गमवावा लागतो. दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, म्हणजे दांड्यावर त्याच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे बसणारे हिसके. हे हिसके थ्रस्ट बेअरिंग झेलते. कमी दाबावर थोडा वेळ होणारी फडफड बेअरिंगला फारशी जाणवत नाही, पण भर बूस्टवर प्रत्येक गिअर बदलताना तीच फडफड होत राहिली तर बेअरिंगची झीज लवकर होते आणि दांड्यात खेळ निर्माण होतो.

ही अडचण टर्बोच्या जन्मापासून होती असे नाही. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने एक्झॉस्टच्या ऊर्जेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येतील अशा टर्बो मोटारी १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेअर यांच्या रूपाने आल्या. त्या दोन्ही गाड्यांत कार्बोरेटर, आणि म्हणून चालकाच्या पायाशी जोडलेला थ्रॉटल, कॉम्प्रेसरच्या अलीकडे होता. थ्रॉटल मिटला की कॉम्प्रेसरला येणारी हवाच तुटत असे, त्यामुळे पुढे दाब तुंबण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुढे फ्युएल इंजेक्शन आले, इंटरकूलर आला, थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या पलीकडे इंजिनाजवळ गेला आणि मधल्या लांब नळीत अडकणाऱ्या हवेला वाट करून देणे भाग पडले. डिझेल इंजिनांत ताकद इंधनाच्या प्रमाणाने नियंत्रित होते, हवेची वाट पेट्रोल इंजिनासारखी मिटवली जात नाही, म्हणून त्यांना सहसा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतही नाही. निव्वळ आवाजासाठी डिझेल गाडीवर तो बसवण्याचे संच मिळतात. त्यांचा इथे विचार केलेला नाही.

एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट केला पाहिजे, कारण वरचे बहुतेक गैरसमज त्यातूनच उगवतात. बूस्ट किती व्हावा हे वेस्टगेट ठरवते. वेस्टगेट एक्झॉस्टच्या बाजूला असते आणि ठरलेला दाब आला की काही वायू टर्बाइनला वळसा घालून सोडते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह इनटेकच्या बाजूला असतो आणि त्याचे काम थ्रॉटल मिटल्यानंतरच्या क्षणापुरते असते. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना निरोगी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह घट्ट बंदच असतो, म्हणून त्याचा स्क्रू आवळून कमाल बूस्ट वाढू शकत नाही. आवळल्यावर बूस्ट खरोखर वाढलेला दिसला तर त्याचा अर्थ व्हॉल्व्ह आधी गळत होता, आणि ती गळती का होती हे शोधणे हे खरे काम आहे.

झडपेवर कोणकोणते जोर काम करतात

व्हॉल्व्हच्या आत एक झडप असते आणि तिला मागून एक स्प्रिंग खाली दाबून धरते. झडपेच्या खालच्या तोंडावर इंटरकूलरच्या नळीतला दाब येतो. झडपेच्या वर डायफ्राम किंवा पिस्टन असतो आणि त्याच्या वरची पोकळी एका बारीक रबरी नळीने थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडच्या जागेला, जोडलेली असते. या एका नळीमुळे व्हॉल्व्हला थ्रॉटलच्या दोन्ही बाजूंचा दाब एकाच वेळी कळतो. स्प्रिंगला तोलायचा असतो तो या दोन दाबांमधला फरक. नुसता बूस्ट तिच्यासमोर कधीच एकटा उभा राहत नाही.

हे आकड्यांत मांडले की शंका राहत नाही. समजा झडपेचे तोंड आणि वरचा पिस्टन दोन्हींचा व्यास ३० मिलीमीटर आहे. प्रत्यक्षातल्या व्हॉल्व्हमध्ये ही दोन क्षेत्रफळे वेगवेगळी असू शकतात, पण हिशेबाची दिशा तीच राहते. या व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे ७.०७ चौरस सेंटीमीटर होते. इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा ६५ किलोपास्कल कमी दाब आहे असे धरू. व्हॅक्यूम गेजवर हा आकडा सुमारे १९ इंच पारा असा दिसेल. इंटरकूलरच्या नळीत त्या वेळी जवळपास बाहेरचाच दाब असतो. म्हणजे झडपेला वर ओढणारा जोर सुमारे ४६ न्यूटन झाला. स्प्रिंगने झडप ५० न्यूटनने दाबून धरली असेल तर आयडलिंगला झडप बंद राहील, ४० न्यूटनने धरली असेल तर किंचित उघडेल.

आता थ्रॉटल पूर्ण उघडा आहे आणि बूस्ट १ बार आहे. झडपेच्या खाली १ बार, आणि नळीवाटे वरही १ बार. दोन्ही जोर एकमेकांना छेदतात आणि झडपेवर उरतो तो स्प्रिंगचा ५० न्यूटनचा जोर. बूस्ट २ बार केला तरी हिशेब तोच राहतो, कारण वरचा दाबही तितकाच वाढतो. व्हॉल्व्ह इंटरकूलरच्या अलीकडे बसवला असेल तर खालचा दाब वरच्यापेक्षा थोडा जास्त असतो, कारण इंटरकूलर ओलांडताना हवेचा काही दाब खर्च होतो. हा फरक १० किलोपास्कल धरला तरी त्यातून फक्त ७ न्यूटन निर्माण होतात आणि ५० न्यूटनची स्प्रिंग ते सहज पेलते. जास्त बूस्टसाठी जास्त कडक स्प्रिंग हवी, हा समज इथे गळून पडतो.

शेवटी पाय उचलल्याचा क्षण घेऊ. नळीत १ बारचा, म्हणजे १०० किलोपास्कलचा दाब अडकला आहे आणि मॅनिफोल्डमध्ये ७० किलोपास्कलचा व्हॅक्यूम तयार झाला आहे. फरक १७० किलोपास्कल, वर ढकलणारा जोर सुमारे १२० न्यूटन, आणि ५० न्यूटनची स्प्रिंग लगेच हार मानते. हाच स्क्रू आवळून स्प्रिंगचा जोर १०० न्यूटन केला तरी भर बूस्टवर झडप उघडेलच, आणि म्हणूनच कडक स्प्रिंग लावलेल्या चालकाला सगळे ठीक आहे असे वाटते. पण रोजच्या चालवण्यात पाय बहुतेक वेळा अर्ध्या बूस्टवर उचलला जातो. बूस्ट फक्त ०.३ बार असेल तर फरक १०० किलोपास्कल आणि जोर ७१ न्यूटनच्या आसपास भरतो. ५० न्यूटनची स्प्रिंग उघडते, १०० न्यूटनची उघडत नाही, आणि हवा कॉम्प्रेसरमधून उलटी फिरते. गर्दीतून गाडी चालवताना फडफड ऐकू येते आणि मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवताना ती नाहीशी होते, या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते.

या हिशेबातून स्प्रिंगच्या ताणाच्या दोन मर्यादा मिळतात. खालची मर्यादा आयडलिंगच्या व्हॅक्यूमने ठरते आणि वरची मर्यादा कमी बूस्टवर पाय उचलताना झडप उघडली पाहिजे या गरजेने ठरते. योग्य जागा खालच्या मर्यादेच्या जरा वर असते. झडप आयडलिंगला जेमतेम बंद राहील इतकीच स्प्रिंग कडक असावी. उत्पादकही आपल्या स्प्रिंगांची वर्गवारी सहसा आयडलिंगच्या व्हॅक्यूमनुसार करतात, त्यामागचे कारण हेच आहे.

सोडलेली हवा कुठे जाते

आयडलिंगला झडप बंद असलीच पाहिजे का, याचे उत्तर व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे. काही व्हॉल्व्ह हवा बाहेर मोकळी सोडतात. प्रसिद्ध फुस्सकारा त्यांचाच. काही व्हॉल्व्ह ती हवा नळीने परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आणून सोडतात. बहुतेक कारखानदार हा दुसरा प्रकार वापरतात आणि त्याला बायपास किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. यात झडप आयडलिंगला किंचित उघडी राहिली तरी हवा बंद वाटेतच घुमते, मोजमाप बिघडत नाही, त्यामुळे स्प्रिंग अधिक मऊ ठेवता येते.

बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला ही सवलत नाही. इंजिनात किती हवा जाते हे मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ, आत येणारी हवा थेट मोजतो. दुसऱ्या पद्धतीत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, दाब, तापमान व इंजिनाचा वेग यांवरून हवेचा हिशेब काढतो. मॅफ असलेल्या गाडीत मोजून झालेली हवा व्हॉल्व्हने बाहेर टाकली तर ईसीयूला त्याचा पत्ता लागत नाही. ते त्या हवेच्या हिशेबाने इंधन सोडते, मिश्रणात क्षणभर पेट्रोल जास्त होते, एक्झॉस्टमधून काळा धूर किंवा फटका येतो आणि क्लच दाबताच इंजिनाचे फेरे आयडलिंगच्याही खाली घसरतात. कधी इंजिन बंदही पडते. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांच्या गाजलेल्या पिढ्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशीच असल्यामुळे कारखान्यातून हवा परत फिरवणारा व्हॉल्व्हच दिलेला असे. टोयोटाच्या टू-जेझेड-जीटीई इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. जपानी बाजारातल्या सुप्रावर ते मॅप सेन्सरसह येत असे आणि अमेरिकी बाजारातल्या सुप्रावर मॅफसह, म्हणून एकाच इंजिनावर एकच व्हॉल्व्ह बसवूनही दोन गाड्यांचा अनुभव वेगळा येऊ शकतो.

मॅफ असलेल्या गाडीत पाय उचलल्यावर इंजिन बंद पडत असेल तर अनेकजण स्क्रू आवळतात. झडप कमी उघडल्यामुळे बाहेर जाणारी हवा कमी होते आणि लक्षण थोडे सौम्य होते, हे खरे आहे. पण त्याची किंमत टर्बोच्या बेअरिंगला मोजावी लागते. हा दोष स्क्रूने सुटणारा नाही. हवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह बसवणे किंवा ईसीयूची मोजणी योग्य प्रकारे बदलून घेणे हाच उपाय आहे. अर्धी हवा बाहेर आणि अर्धी परत अशी विभागणी करणारे व्हॉल्व्हही मिळतात, पण मॅफच्या गाडीत त्यांनी दोष निम्मा होतो, नाहीसा होत नाही. हवा बाहेर सोडण्याला सार्वजनिक रस्त्यावर परवानगी आहे का, हे आपापल्या ठिकाणच्या नियमांत आधी पाहून घ्यावे.

बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची झडप आयडलिंगला उघडी राहणे आणखी एका कारणाने वाईट असते. त्या वेळी इंटरकूलरच्या नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे झडपेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा फिल्टरमधून आलेली नसते, तिच्यासोबत धूळ येते, आणि मॅफच्या गाडीत ती मोजलेलीही नसते. मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिनाचे फेरे वर-खाली होत राहतात.

काही आधुनिक गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन समूहाच्या अनेक टीएफएसआय इंजिनांत, टर्बोवरच विजेवर चालणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो आणि तो कधी उघडायचा हे ईसीयू ठरवते. त्यात स्क्रूने जुळवण्यासारखे काही नसते. पुढचे विवेचन व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हपुरते आहे.

स्क्रूला हात लावण्याआधी

व्हॉल्व्ह नीट चालत नाही असे वाटते तेव्हा दोष स्प्रिंगच्या ताणात असण्यापेक्षा वरच्या बारीक नळीत असण्याची शक्यता जास्त असते. झडपेला थ्रॉटल मिटल्याची बातमी याच नळीतून मिळते. नळी लांब, अरुंद किंवा कुठे दुमडलेली असेल तर बातमी उशिरा पोचते. तेवढ्यात सर्ज होऊन जातो. उलट बाजूनेही हेच घडते. पाय एकदम दाबल्यावर खालचा दाब झपाट्याने चढतो आणि वरचा दाब मागे राहतो, त्यामुळे झडप क्षणभर उचलली जाऊन हवा निसटते. अशा वेळी स्क्रू आवळल्याने निसटणे थांबते खरे, पण मूळ दोष तसाच राहून नवा दोष तयार होतो.

ही नळी मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीवरून स्वतंत्र घेतलेली असावी, शक्य तितकी आखूड असावी, आणि तिच्यातून बूस्ट गेज, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर किंवा ब्रेक बूस्टर यांच्यासाठी फाटे काढलेले नसावेत. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप असते. त्या झडपेच्या पलीकडून जोड घेतला तर बूस्टचा दाब ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या वरच्या पोकळीत पोचणारच नाही आणि झडप भर बूस्टवर उघडी पडेल. नळीची भिंत व्हॅक्यूमने आत चेपणार नाही इतकी जाड असावी, आणि दोन्ही टोकांना क्लिप हवी.

यानंतर व्हॉल्व्ह स्वतः तपासावा. इंजिन बंद आणि थंड असताना वरची नळी काढून तिथे हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा. डायफ्रामचा व्हॉल्व्ह असेल तर पंपाचा काटा चढून स्थिर राहिला पाहिजे. तो हळूहळू उतरत असेल तर डायफ्राम फाटलेला आहे आणि कितीही स्क्रू फिरवला तरी उपयोग नाही. पिस्टनच्या व्हॉल्व्हमध्ये थोडी गळती स्वाभाविक असते, म्हणून तिथे पिस्टन विनाअडकाठी सरकतो का, त्यावर जुन्या तेलाचा चिकट थर बसला आहे का आणि ओ-रिंग शाबूत आहे का, हे पाहावे. झडप कोणत्या आकड्याला उचलली जाते हेही याच वेळी टिपून ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होतो.

इंटरकूलरच्या नळ्यांतली गळतीही आधी शोधून बंद करावी. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या तोंडाला टोपण बसवून नळ्यांत हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहतात. दाब ०.७ बारच्या आसपास पुरेसा असतो. गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त दाब कधीही देऊ नये आणि टोपणासमोर उभे राहू नये. या चाचणीत थ्रॉटल बंद असेल तर व्हॉल्व्हच्या वर दाब पोचत नाही, खालच्या दाबाने झडप उचलली जाते आणि चांगला व्हॉल्व्ह गळका ठरतो. थ्रॉटल उघडा धरून चाचणी केली तरच निकाल विश्वासार्ह असतो.

प्रत्यक्ष जुळवणी

इंजिन पूर्ण तापू द्यावे, एअर कंडिशनिंग आणि इतर विद्युत भार बंद ठेवावेत आणि आयडलिंगचा व्हॅक्यूम गेजवर वाचावा. थंड इंजिनाचे फेरे जास्त असतात आणि व्हॅक्यूमही वेगळा असतो, त्यामुळे थंड इंजिनावर केलेली जुळवणी तापल्यावर टिकत नाही. व्हॉल्व्हसोबत वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळाल्या असतील तर या आकड्यावरून आधी स्प्रिंग निवडावी. स्क्रू हा बारीक फेरफारासाठी असतो. चुकीच्या स्प्रिंगची भरपाई त्याने करायला गेले तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि झडप पूर्ण उघडू शकत नाही.

स्क्रूची सध्याची जागा लिहून ठेवावी, म्हणजे तो पूर्ण आवळलेल्या किंवा पूर्ण सैल स्थितीपासून किती फेरे दूर आहे हे मोजून ठेवावे. मग इंजिन बंद करून लॉक नट ढिला करावा आणि स्क्रू सैल बाजूकडे न्यावा. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास स्प्रिंग कडक होते, तरी उत्पादकाची सूचना पाहूनच दिशा ठरवावी. स्क्रू इतका बाहेर काढू नये की टोपण धरून ठेवायला आटेच उरणार नाहीत. आता इंजिन चालू करून आयडलिंगला झडप उघडी आहे का ते पाहावे. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी पातळ कागदाचा कपटा सुरक्षित अंतरावरून धरला तर तो आत ओढला जातो किंवा नाही हे दिसते. मात्र फिरता पंखा आणि पट्टे यांपासून हात, बाही व कागद दूर राहिले पाहिजेत. झडप उघडी असेल तर इंजिन बंद करून स्क्रू पाव फेरा आवळावा आणि पुन्हा पाहावे. ज्या जागी झडप प्रथमच पूर्ण बंद राहते, तिच्यापुढे आणखी पाव ते अर्धा फेरा आवळून थांबावे. हा थोडा जादा ताण एअर कंडिशनिंगच्या भारामुळे किंवा हवामानामुळे व्हॅक्यूममध्ये होणारे चढउतार सांभाळण्यासाठी असतो.

ओबीडी रीडर, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचणारे उपकरण, हाताशी असेल तर तो कागदापेक्षा चांगला साक्षीदार ठरतो. मॅफच्या गाडीत आयडलिंगला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त दुरुस्ती, अधिक बाजूला झुकत असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येत आहे. स्क्रू थोडा आवळल्यावर ट्रिम शून्याकडे सरकली तर ती हवा व्हॉल्व्हमधूनच येत होती हे सिद्ध होते. आवळूनही ट्रिम हलली नाही तर गळती दुसरीकडे आहे. उलट, मध्यम वेगाने एकसारखी गाडी चालवताना ट्रिम उणे बाजूला जात असेल तर मोजलेली हवा बाहेर जात असण्याचा संशय घ्यावा.

न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करून पाय सोडणे ही सर्वांत लोकप्रिय चाचणी आहे, पण तिच्यातून फार थोडे कळते. इंजिनावर भार नसताना टर्बो जेमतेम बूस्ट करतो, म्हणून तिथे ऐकू येणारा किंवा न येणारा आवाज हा जुळवणीचा निकाल मानू नये. फेरे उतरताना इंजिन आयडलिंगला नीट स्थिरावते का, एवढेच त्यातून पाहावे. खरी चाचणी भाराखालीच होते, आणि ती डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर, किंवा बंदिस्त, मोकळ्या मार्गावर करावी. गाडी चालवताना गेजकडे किंवा पडद्याकडे पाहत बसू नये, नोंदी आपोआप होऊ द्याव्यात किंवा शेजारी बसलेल्याने घ्याव्यात. तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या फेऱ्यांवर आधी अगदी कमी बूस्ट येऊ देऊन पाय उचलावा, मग मध्यम बूस्टवर आणि शेवटी पूर्ण बूस्टवर. कडक स्प्रिंगचा दोष पहिल्या पायरीवरच उघड होतो, म्हणून सुरुवात तिथून करायची. थ्रॉटलच्या अलीकडे दाबाचा सेन्सर असेल तर पाय उचलल्यावरची दाबाची रेघ एका घसरणीत खाली आली पाहिजे; ती करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होत उतरत असेल तर सर्ज चालू आहे.

कान लावायचाच असेल तर आवाज कुठून येतो याकडे लावावा. फिल्टरच्या बाजूने येणारी फडफड हा कॉम्प्रेसर सर्ज आहे. स्क्रू पाव फेरा सैल करून चाचणी पुन्हा करावी. व्हॉल्व्हच्या तोंडातून तुटक, थडथडणारा आवाज येत असेल तर झडप उघड-मिट करत आहे आणि त्याचे कारण बहुधा वरची नळी अरुंद किंवा लांब असणे हे असते. सैल करत करत आयडलिंगची मर्यादा गाठली आणि तरीही पूर्ण बूस्टवर फडफड थांबली नाही, तर व्हॉल्व्ह त्या टर्बोच्या हवेच्या मानाने लहान आहे आणि मोठा व्हॉल्व्ह किंवा दोन व्हॉल्व्ह लागतील. अगदी कमी बूस्टवर एखादी पुसट फडफड उरली आणि मध्यम बूस्टपासून पुढे ती पूर्ण नाहीशी झाली, तर मी जुळवणी तिथेच थांबवण्याच्या मताचा आहे. त्या दाबावर हवेत फारशी ऊर्जा नसते आणि ती फडफड घालवण्यासाठी आयडलिंग बिघडवणे पटण्यासारखे नाही.

जागा निश्चित झाली की स्क्रू एका हाताने स्थिर धरून लॉक नट आवळावा, कारण नट आवळताना स्क्रूही सोबत फिरण्याची शक्यता असते. इंजिन पुन्हा एकदा पूर्ण तापवून आयडलिंग तपासावे आणि स्क्रूची नवी जागा लिहून ठेवावी.

जुळवणी पुन्हा केव्हा करावी लागते

आयडलिंगचा व्हॅक्यूम बदलला की स्प्रिंगची योग्य जागाही बदलते. जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे इंजिनाचे इनटेक व एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी अधिक काळ उघडे ठेवणारा, कॅमशाफ्ट बसवला तर आयडलिंगचा व्हॅक्यूम बराच उतरतो आणि आधी योग्य असलेली स्प्रिंग आता गरजेपेक्षा कडक ठरते. फक्त वेस्टगेटवरून बूस्ट वाढवला असेल तर स्प्रिंगला हात लावण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हच्या आतल्या भागांवर तेलाचा थर साचतो, म्हणून पिस्टनचे व्हॉल्व्ह अधूनमधून उघडून स्वच्छ करावेत आणि उत्पादकाने सांगितलेलेच वंगण लावावे; डायफ्रामला मात्र कोणतेही तेल लावू नये.

उंचीचा परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ८० किलोपास्कलपर्यंत उतरतो. इंजिनाला आयडलिंगसाठी लागणारी हवा जवळपास तेवढीच राहत असल्यामुळे मॅनिफोल्डमधला प्रत्यक्ष दाब फारसा बदलत नाही, आणि दोहोंमधला फरक, म्हणजे झडपेला जाणवणारा व्हॅक्यूम, ६५ वरून ४५ किलोपास्कलच्या आसपास येतो. आधीच्या उदाहरणातला ४६ न्यूटनचा जोर तिथे ३२ न्यूटन उरतो. सपाटीवर जुळवलेला व्हॉल्व्ह उंचावर थोडा कडक वागेल आणि कमी बूस्टवर फडफड ऐकू येईल. हे तात्पुरते आहे आणि काही दिवसांच्या प्रवासासाठी स्क्रू हलवण्याची गरज नाही. उंचावर राहणाऱ्याने तिथे जुळवलेला व्हॉल्व्ह घेऊन खाली उतरल्यास मात्र आयडलिंगला झडप उघडी पडू शकते. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये तिच्यातून गाळणीविना हवा आत येत राहील, म्हणून खाली पोचल्यावर इंजिन तापलेले असतानाच आयडलिंग तपासून गरजेप्रमाणे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळावा.